चालताबोलता नकाशा

शाळेच्या भिंतीवर टांगलेला नकाशा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. वर आणि खालीं लांकडी दांडी, मध्यें कापडावर चिकटविलेला देश, आणि गुरुजींच्या हातांत छडी. छडी जेथें टेकेल तें गांव. तो नकाशा हलत नसे आणि बोलत नसे. गंगेचा प्रवाह त्यावर निळ्या रेघेच्या रूपानें कायमचा थिजलेला असे. आणि त्या रेघेच्या कांठच्या एखाद्या गांवाविषयीं कांहीं विचारावयाचें झालें तर उत्तर गुरुजींनीं द्यावयाचें, नकाशानें नव्हे.

आतां नकाशा चालूं लागला आहे आणि बोलूंहि लागला आहे. भूगोलाच्या, वृत्तविद्येच्या किंवा नगररचनेच्या विद्यार्थ्याला आज संगणकावर या दोन्ही कला शिकाव्या लागतात. पडद्यावरील गांवाला बोट लावलें कीं त्याची माहिती उलगडली पाहिजे, ही एक कला. कालपट्टीवरची खूण पुढें सरकविली कीं सैन्यें चालावीं, शहरें पसरावीं, पाऊस उत्तरेकडे जावा, ही दुसरी. ही विद्या अगदीं नवी आहे असा सर्वसाधारण समज आहे. तिचीं साधनें नवीं आहेत हें खरें. तिच्यांतील अवघड जागा मात्र बऱ्याच जुन्या आहेत. त्यांतली सर्वांत अवघड जागा कोणती हें समजून घेण्यासाठीं आपणांस सुमारें तीनशें वर्षें मागें जावें लागेल.

एडमंड हॅले हें नांव धूमकेतूमुळें सर्वांना ठाऊक आहे. इ. स. १७१५ मध्यें त्यानें एक छापील पत्रक प्रसिद्ध केलें. त्या वर्षीं एप्रिलच्या २२ तारखेला, म्हणजे आजच्या कालगणनेप्रमाणें ३ मे रोजीं, इंग्लंडमध्यें खग्रास सूर्यग्रहण व्हावयाचें होतें. लंडनसारख्या नगरांत सकाळच्या वेळीं एकाएकीं अंधार पडणार आणि तारे दिसूं लागणार. पहिला जॉर्ज राजा नुकताच गादीवर आलेला. लोक या अंधाराचा संबंध त्याच्या राज्याशीं जोडतील आणि तो अपशकुन मानतील, ही धास्ती हॅलेनें पत्रकांत बोलून दाखविली आहे. ग्रहणाचें भय ही केवळ आपल्याच देशाची मिरास आहे असें समजणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

पत्रकावर इंग्लंडचा नकाशा होता. त्यावर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेलेला एक रुंद पट्टा, पट्ट्यांत चंद्राच्या छायेचें काळें लंबवर्तुळ, आणि मध्यरेषेवर मिनिटांच्या खुणा. नकाशा कागदाचा, म्हणून लंबवर्तुळ जागचें हलणें शक्य नव्हतें. परंतु वाचकानें तें मनानें उचलावें, एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर न्यावें, आणि आपल्या गांवावर छाया केव्हां येईल व केव्हां सरेल हें स्वतःच पाहून घ्यावें, अशी ती योजना होती. चालणारा नकाशा तो हाच. चालविण्याचें काम मात्र वाचकाच्या कल्पनेकडे होतें.

हॅले एवढ्यावर थांबला नाहीं. आपआपल्या ठिकाणीं अंधार किती वेळ टिकला हें लोकांनीं मोजून कळवावें, त्यासाठीं लंबकाचें साधें घड्याळ पुरे आहे, अशी विनंति त्यानें त्याच पत्रकांत केली. उत्तरें आलीं. त्यानें सांगितलेली वेळ सुमारें चार मिनिटांच्या फरकानें खरी ठरली होती. छायेचा पट्टा सुमारें तीस किलोमीटरनीं चुकला होता. मग लोकांच्या मोजमापांवरून त्यानें पट्टा सुधारला आणि नवा नकाशा छापला, त्यावर इ. स. १७२४ मध्यें होणाऱ्या ग्रहणाचा मार्गहि दाखविला. नकाशानें प्रश्न विचारावा, लोकांनीं उत्तर द्यावें आणि नकाशानें स्वतःला सुधारून घ्यावें, हा व्यवहार संगणकापूर्वीं अडीचशें वर्षें घडून गेलेला आहे.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहण्यासारखी आहे. हॅलेच्या मध्यरेषेवर मिनिटामिनिटाच्या खुणा आहेत; दोन खुणांच्या मधल्या अर्ध्या मिनिटाला छाया कोठें असेल? ती त्या दोन खुणांच्या मधोमधच असणार, कारण चंद्राची छाया वाटेंत विसांवा घेत नाहीं आणि वाट सोडून पाणी पिण्यासहि जात नाहीं. तिची गति गणिताच्या स्वाधीन आहे. म्हणून ग्रहणाच्या नकाशांत मधली रिकामी जागा भरून काढणें प्रामाणिकपणाचेंच ठरतें. सगळ्याच वस्तूंची गोष्ट अशी नसते.

दुसरा नकाशा फ्रान्समधला आहे आणि त्याची कीर्ति मोठी आहे. शार्ल मिनार हा रस्ते व पूल बांधणारा सरकारी अभियंता. वयाच्या अठ्ठ्याऐंशींव्या वर्षीं, २० नोव्हेंबर १८६९ रोजीं, त्यानें नेपोलियनच्या रशियावरील मोहिमेचा नकाशा प्रसिद्ध केला. सैन्य जितकें मोठें तितकी रेघ रुंद. एक मिलिमीटर रुंदी म्हणजे दहा हजार माणसें. नीमेन नदीवर ४,२२,००० शिपायांची तपकिरी रेघ ओंजळभर रुंद दिसते. मॉस्कोला पोहोंचतांना ती १,००,००० ची उरते. परतीची रेघ काळी आहे. ती बारीक होत होत बेरेझिना नदीवर ५०,००० वरून २८,००० वर येते, आणि नीमेनपाशीं सुतासारखी, १०,००० ची, होऊन संपते. रणांगणाचें एकहि चित्र या नकाशांत नाहीं. तरी तो पाहून मन सुन्न होतें.

आजचे बरेच विद्यार्थी हलता नकाशा शिकतांना याच नकाशाला हात घालतात. आंकडे तयार आहेत, ठिकाणें तयार आहेत, मग ती काळी रेघ पडद्यावर चालती करावयास काय हरकत आहे? संगणकाची रीति सोपी आहे. आरंभीची स्थिति द्या, अंतींची स्थिति द्या, मध्यें किती वेळ जावा तें सांगा; मधलीं सगळीं चित्रें यंत्र आपण होऊन भरतें. व्यंगपटांच्या चित्रशाळांत पूर्वीं हेंच काम माणसें करीत. मुख्य चित्रकार उंदराची उडी सुरू होतांनाचें आणि संपतांनाचें चित्र काढी, आणि मधलीं चित्रें काढण्यासाठीं वेगळे साहाय्यक बसलेले असत. ती साहाय्यकांची रांग आतां यंत्राच्या पोटांत गेली आहे. उंदराच्या बाबतींत यानें कोणाचें बिघडत नाहीं, कारण त्या उंदरानें उडी कधीं मारलेलीच नसते.

मिनारच्या नकाशाच्या तळाशीं थंडीचा आलेख आहे. तो १८ ऑक्टोबरपासून ७ डिसेंबरपर्यंतचा, म्हणजे एक्कावन्न दिवसांचा आहे, आणि त्यावर नोंदी आहेत अवघ्या नऊ. १४ नोव्हेंबरला शून्याखालीं एकवीस अंश, २८ नोव्हेंबरला शून्याखालीं वीस. या दोहोंच्या मध्यें शून्याखालीं अकरा अशी एक नोंद आहे, तिला तारीखच नाहीं. (हे अंश रोमर मापाचे आहेत; ६ डिसेंबरचे उणे तीस म्हणजे आपल्या सेल्सियस मापानें उणे साडेसदतीस.) मिनारनें हे नऊ बिंदू सरळ रेघांनीं जोडले. यंत्रहि तेंच करील आणि प्रत्येक दिवसाची थंडी ऐटींत दाखवील. परंतु इतिहास काय सांगतो? नोव्हेंबरच्या उत्तरार्धांत थंडी मध्येंच ओसरली आणि बर्फ वितळलें. बेरेझिना गोठलेली असती तर सैन्य तिच्यावरून चालत गेलें असतें. ती वाहती होती, म्हणून जनरल एब्लेच्या पूल बांधणाऱ्या शिपायांना हिमासारख्या पाण्यांत उभें राहून पूल उभारावे लागले. त्यांतले बहुतेक त्या गारठ्यानें किंवा पुढच्या वाटेवर मेले. ज्या एका गोष्टीमुळें ही दुर्दशा झाली ती, म्हणजे बर्फ वितळणें, नऊ बिंदूंच्या मधल्या सरळ रेघेंत कोठेंच नाहीं. रेघ सांगते कीं त्या आठवड्यांत सतत कडक गोठण होती.

कागदावर हें खपून जातें, कारण कागदावर बिंदू बिंदूच दिसतो आणि जोडरेघ जोडरेघ दिसते. वाचक दोहोंतला फरक ओळखतो. पडद्यावर नकाशा चालूं लागला कीं बिंदूहि दिसत नाहीं आणि जोडहि दिसत नाहीं. सारें सारखेंच खरें भासतें. हीच या विद्येंतील सर्वांत अवघड जागा होय. मिनार त्या बाबतींत अत्यंत जागरूक होता. सैन्याचे दोन भाग, प्रिन्स जेरोमचा आणि मार्शल दाव्हूचा, मिन्स्क व मोगिलेव्हकडे वेगळे गेले होते व पुढें ओर्शा आणि व्हिटेब्स्कच्या आसपास परत मिळाले. हानि स्पष्ट दिसावी म्हणून ते सर्व वेळ मुख्य सैन्याबरोबरच होते असें आपण धरून चाललों आहों, हें त्यानें नकाशाच्या माथ्यावर लिहून ठेवलें आहे. कोणाकोणाच्या ग्रंथांतून माहिती घेतली तेंहि तेथेंच सांगितलें आहे. चालता नकाशा करणाऱ्यानें अशी टीप कोठें लिहावी, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं असें मला वाटतें.

विसाव्या शतकांत चित्रपट आला आणि नकाशा खरोखरीच चालूं लागला. दुसऱ्या महायुद्धांत, इ. स. १९४२ पासून, फ्रँक काप्रानें अमेरिकन सैनिकांसाठीं युद्धाचीं कारणें सांगणारी बोलपटांची माला काढली; तींतले नकाशे डिस्नेच्या चित्रशाळेनें हलविले. काळी शाई देशामागून देशांवर पसरत जाते, बाण सीमा फोडून आंत घुसतात. उद्देश मन वळविण्याचा होता आणि तो साधला. बाणाला शंका नसते, बाण कधीं चिखलांत रुतत नाहीं. इ. स. १९५९ मध्यें नॉर्मन थ्रोअर या भूगोलज्ञानें हलत्या नकाशांवर लेख लिहून हें तंत्र भूगोलाच्या अभ्यासकांनीं जाणीवपूर्वक हातीं घ्यावें असें सुचविलें, परंतु एकेक चित्र हातानें काढण्याचा खर्च विद्यापीठांच्या आवांक्याबाहेरचा होता.

तो खर्च संगणकानें उतरविला. इ. स. १९६५ मध्यें हॉवर्ड फिशरनें हार्वर्ड विद्यापीठांत संगणकीय चित्रणाची प्रयोगशाळा काढली. तिचे आरंभींचे नकाशे अक्षरें छापणाऱ्या यंत्रावर निघत. जेथें गडद छटा हवी तेथें एकाच जागीं अक्षरावर अक्षर उमटवावयाचें, एवढीच त्या काळची चित्रकला. इ. स. १९७० मध्यें मिशिगन विद्यापीठाच्या वॉल्डो टोब्लरचा निबंध आला. डेट्रॉइट परिसराची वाढ संगणकानें काढलेल्या चित्रपटांतून दाखविण्याचा तो प्रयोग होता. सर्व गोष्टींचा एकमेकींशीं संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा दूरच्यांहून अधिक असतो, हें टोब्लरचें वाक्य आज भूगोलाचा पहिला नियम म्हणून पाठ केलें जातें. तें वाक्य याच निबंधांतलें आहे, आणि साऱ्या जगाचा हिशेब न मांडतां शेजारपाजारच्याच आंकड्यांवर काम भागविण्याची सवलत म्हणून तें तेथें आलें आहे. डेट्रॉइट शहरांत, परिसर सोडून केवळ शहराच्या हद्दींत, १९५० सालीं १८,४९,५६८ माणसें होतीं. २०१० सालीं ७,१३,७७७ उरलीं. कारखाने बंद पडणें, गोऱ्या वस्तीनें उपनगरांकडे निघून जाणें, या गोष्टी शेजारच्या चौकटींतील आंकड्यांवरून उमगत नसतात.

येथवर चालण्याविषयीं झालें. बोलण्याचा इतिहास यापेक्षां लहान आहे. इ. स. १९७८ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत अँड्र्यू लिपमन व त्याचे सहकारी यांनीं ॲस्पेन नांवाच्या डोंगराळ गांवाच्या रस्त्यांवरून मोटार फिरविली. तिच्या टपावर चार बाजूंना चार कॅमेरे होते, आणि दर दहा फुटांवर छायाचित्र घेतलें जात असे. मग पडद्याला बोट लावून त्या गांवांत घरबसल्या हिंडतां येऊं लागलें; शरदांतली गल्ली क्षणांत बर्फाळ करून पाहतां येई. जून १९९३ मध्यें झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनशाळेंतून स्टीव्ह पुट्झनें इंटरनेटवर जगाचा नकाशा ठेवला. टिचकी मारली कीं दूरचें यंत्र मागितलेला भाग नव्यानें काढून पाठवी. प्रत्येक प्रश्नाला नवा कागद, असा तो कारभार होता.

इ. स. २००५ च्या फेब्रुवारींत गूगलचा नकाशा आला आणि लोकांना नकाशा ओढतां येऊं लागला. त्यामागची युक्ति मजेदार आहे. नकाशा आधींच काढून त्याच्या चौकोनी फरशा करून ठेवावयाच्या. सर्वांत दुरून पाहिलेलें सगळें जग एका फरशींत मावतें. एक पायरी जवळ गेलें कीं प्रत्येक फरशीच्या चार होतात. दहाव्या पायरीवर १०,४८,५७६ फरशा. अठराव्या पायरीवर सुमारें ६,८७२ कोटी. पाहणाऱ्याला हव्या असतात त्या दहावीस तेवढ्याच त्याच्याकडे जातात. जगाला असें चौरसांत बसविण्यासाठीं जें प्रक्षेपण घेतलें आहे तें इ. स. १५६९ मधल्या मर्केटरच्या पद्धतीवर आधारलेलें आहे. तें नाविकांच्या सोयीचें. ध्रुवांकडचे प्रदेश तें फार फुगवून दाखवितें. ग्रीनलंडचें क्षेत्रफळ सुमारें २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि भारताचें ३२.९ लाख, त्या नकाशावर मात्र ग्रीनलंडपुढें भारत एखाद्या धाकट्या भावासारखा दिसतो. विद्यार्थी साडेचारशें वर्षांपूर्वींच्या नाविकाची सोय नकळत वापरीत असतो, हें त्याला कोणीतरी सांगितलें पाहिजे.

बोलक्या नकाशाचा खरा धोका त्याच्या मौनांत आहे. बोट लावलें आणि उत्तर आलें नाहीं, तर तेथें कांहीं नाहीं असें समजावयाचें, कीं कोणी गेलेंच नाहीं असें? इ. स. २००४ मध्यें इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट या तरुणानें ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. तेथील सरकारी नकाशांची माहिती सामान्य माणसाला मोकळेपणानें वापरतां येत नव्हती. मग लोकांनींच हिंडून नकाशा करावा आणि तो सर्वांचा असावा, ही कल्पना. १२ जानेवारी २०१० रोजीं हैतीच्या राजधानीला भूकंपानें गांठलें तेव्हां त्या शहराचा मोठा भाग या नकाशावर रिकामा होता. उपग्रहांतून घेतलेलीं छायाचित्रें पाहून देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं थोड्याच दिवसांत गल्ल्यागल्ल्या भरून काढल्या, आणि मदतीला गेलेलीं पथकें तोच नकाशा वापरूं लागलीं. गल्ल्या भूकंपाआधींहि होत्याच. आजचा विद्यार्थी आपल्या कामासाठीं बहुधा हाच आधारनकाशा घेतो. त्यावर हलतें-बोलतें करण्याचें साहित्यहि मोफत मिळतें: कीव्ह येथील व्होलोदिमिर अगाफोन्किन याचें लीफलेट, आणि अमेरिकेंतील माइक बोस्टॉक प्रभृतींचें डी-थ्री. दोन्ही इ. स. २०११ मधलीं. मधलीं चित्रें भरण्याची सोय दोहोंतहि आहे, आणि ती न मागतांहि पुष्कळदां मिळते.

आतां आपल्या घरचें एक उदाहरण घेऊं. भारतीय हवामानखात्याचें मुख्य ठाणें इ. स. १९२८ पासून १९४४ पर्यंत पुण्यांत होतें. शिवाजीनगरची ती दगडी इमारत तेथून पुढेंहि 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली गेली. खात्याचे नकाशे हातानें रेखाटले जात. कालचा नकाशा आजच्या शेजारीं ठेवावयाचा आणि वादळ कोठून कोठें गेलें तें डोळ्यानें ताडावयाचें, हें चालत्या नकाशाचें अगदीं साधें रूप. त्याच खात्याच्या नकाशांत मोसमी पावसाच्या आगमनाच्या रेषा असतात: १ जूनला केरळ, आणि तेथून वर. जुन्या तारखा १९०१ ते १९४० या काळाच्या नोंदींवरून ठरलेल्या होत्या. इ. स. २०२० मध्यें १९६१ ते २०१९ च्या नोंदींवरून त्या बदलल्या. केरळची तारीख तीच राहिली. पाऊस सर्व देश व्यापतो ती तारीख १५ जुलैची ८ जुलै झाली. आणि वायव्येकडून परतीला निघण्याची १ सप्टेंबरची १७ सप्टेंबर झाली.

महाराष्ट्रांतल्या विद्यार्थ्याला या रेषा चालत्या कराव्याशा वाटणें स्वाभाविक आहे. इ. स. २०२५ चें वर्ष घेऊं. पाऊस २४ मे रोजीं केरळांत आला आणि २९ जूनला त्यानें सर्व देश व्यापला. या दोन तारखा यंत्राला दिल्या तर रेषा छत्तीस दिवस सारख्या चालीनें, पालखीसारखी, उत्तरेस जाते आणि मुंबईला येईपर्यंत जूनचा दुसरा आठवडा उजाडतो. प्रत्यक्षांत पाऊस २६ मे रोजींच मुंबईंत होता, केरळानंतर दोन दिवसांनीं. आणि त्यानंतर तो दोन आठवड्यांहून अधिक काळ जागच्या जागीं थबकला. मोसमी पाऊस असाच येतो: उसळी घेतो, थांबतो, पुन्हा उसळतो. विदर्भ-मराठवाड्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याला थांबण्याचेच दिवस मोलाचे. पहिल्या सरीवर विश्वासून बी टाकलें आणि रेषा थांबली, तर कोंब जळतात आणि दुबार पेरणी नशिबीं येते. बियाण्याचा पैसा दोनदां जातो. पालखीसारख्या चालणाऱ्या रेषेंत त्या दिवसांना जागाच नाहीं.

म्हणून अशा नकाशांत मधली भर घालण्याची सोय बंद करावी लागते. खात्यानें ज्या दिवशीं रेषा हलल्याचें सांगितलें त्याच दिवशीं ती हलवावी, आणि ज्या दिवशीं सांगितलें नाहीं त्या दिवशीं तिला तेथेंच उभी ठेवावी. यांत एक व्यावहारिक अडचण येते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत रेषा स्वस्थ उभी राहिली कीं पाहणारा म्हणतो, यंत्र अडकलें. आणि तो पडदा बंद करतो. त्यावर उपाय करावयाचा तो एवढाच, कीं नकाशाच्या कोपऱ्यांत ठळक अक्षरांनीं तारीख ठेवावी व ती रोज एकेक पुढें जातांना दिसूं द्यावी: ३० मे, ३१ मे, १ जून, २ जून. आणि रेषेला बोट लावणाऱ्याला, ती कोणत्या तारखेपासून तेथें उभी आहे, तें नकाशानें सांगावें.